आज्याची पलटण

“तू घेतेस का पटकन पुसून? तुला सवय आहे ना.”

असं म्हणत मृदुलाताईंनी ओल्या वाइप्सचं पाकीट माझ्या हातात कोंबलं. कोंबलंच. माझं हो-नाही ऐकायला थांबल्या नाहीत. भर चौकात. ब्रिस्बेनच्या मधोमध, सेंट्रल स्टेशनसमोर, युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मारकासमोर. दगडाला कुंकू फासलेलं, त्याचा लाल ओघळ खाली आलेला, आणि कौन्सिलचा, म्हणजे इथल्या महापालिकेचा, माणूस कमरेवर हात ठेवून उभा.

कुंकू मी लावलेलं नव्हतं. लावणारा माझ्या शेजारीच होता. मृदुलाताईंचा नवरा, आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी, श्रीपाददादा. त्याची बोटं अजून लाल होती. आम्ही दहा-बाराजण होतो तिथे. इंजिनियर, अकाउंटंट, एक डेंटिस्ट. सगळे धडधाकट. पण पाकीट आलं माझ्याकडे.

सवय. कसली सवय? मी एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, नर्स आहे, ती? का दुसरी? त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आमच्या लोकांना ते विचारावं लागत नाही. कुठला शब्द कुठून आला ते आम्हाला बरोबर कळतं.

पण आधी मी तिथे पोचले कशी ते सांगते. नाहीतर म्हणाल, बाई उगाच भांडकुदळ आहे. भांडकुदळ आहेच मी. उगाच नाही.

माझ्या आईचा बाप, माझा आज्या, दुसऱ्या महायुद्धात महार पलटणीत शिपाई होता. ब्रह्मदेशात लढला. जंगलात बुटांच्या आत पाय कुजले, पण जिवंत परत आला. गावाच्या वेशीवर त्याला अडवलं. वर्दी ठेव अंगावर, म्हणाले, बूट काढ. बूट घालून गावातून जायचं नाही. तर हा माणूस वर्दी अंगावर आणि बूट हातात, असा महारवाड्यात गेला. आई ही गोष्ट सांगताना रडत नाही. दात खाते.

त्याला मिळालेला पितळी तारा, रंगीत फितीचा, आईने मी परदेशी निघाले तेव्हा माझ्या हातात दिला. “ठेव तुझ्यापाशी. इथं पोरं मोडीत घालतील,” म्हणाली.

आज्या दर एक जानेवारीला भीमेकाठच्या स्तंभाला सलामी द्यायला जायचा. लहानपणी आई त्याच्या खांद्यावर बसून गेली, पुढे मी आईचं बोट धरून गेले. तेव्हा लढून मेलेल्यांच्या दगडापुढे कसं उभं राहायचं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. टाचा जुळवायच्या. सलाम ठोकायचा. नाव घ्यायचं. बास.

आता कोरोनाचं पहिलं वर्ष. आमच्या होममध्ये जॅक नावाचा एक म्हातारा आहे. त्याचा थोरला भाऊ आज्याच्याच युद्धात गेला. जॅक दरवर्षी त्या चौकात जायचा. त्या वर्षी होमचं दार बंद, आत कुणी नाही, बाहेर कुणी नाही. खिडकीशी बसून चिडचिड करायचा बिचारा. एकदा त्याला आंघोळ घालताना मी आज्याच्या ताऱ्याचं सांगितलं. तो एकदम ताठ बसला.

“कुठलं युनिट?” हा त्याचा पहिला प्रश्न. गाव नाही, देश नाही, युनिट.

मी सांगितलं. त्याने तो शब्द दोनदा उच्चारून बघितला. मग म्हणाला, “उजवीकडे लाव, लव्ह. डावी बाजू लढलेल्याची, आपण मागे राहिलेल्यांनी उजवीकडे लावायचं. आणि त्याचं युनिट सांग. युनिट सांगितलं नाहीस तर तो कुणाचाच होत नाही.”

हे मी आईला फोनवर सांगितलं आणि तिने तेच धरून ठेवलं. तिला त्या वर्षी माझ्याकडे यायचं होतं. तिकीट काढलेलं. बॉर्डर बंद झाली, तिकीट गेलं. पुण्यात तिच्या चाळीत रोज कुणी ना कुणी जात होतं. शेजारच्या मावशीला तर चार माणसंसुद्धा मिळाली नाहीत. आई सत्तरीची, तिला दमा. ती म्हणाली, “माझा काय भरवसा गं आता. माझ्या बापाचं नाव पलटणीसकट कुणीतरी चारचौघांत घेतलेलं एकदा ऐकू दे. आमच्या गावात कुणी घेतलं नाही. तिथं तरी घे.”

एवढंच मागितलं तिने. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

आणि नेमकं तेव्हाच मंडळाचं निघालं. नोव्हेंबरमध्ये त्या चौकात दोन्ही महायुद्धांतल्या भारतीय सैनिकांना मानवंदना. प्रत्यक्ष मोजकीच माणसं, बाकीच्यांसाठी झूम, म्हणजे पुण्या-मुंबईचे आईवडीलही बघतील. ज्यांच्या घरात कुणी लढलं होतं त्यांनी दोन मिनिटं बोलायचं. असे निघालो दोघेच. रणजित, त्याचे पणजोबा मराठा पलटणीत होते. आणि मी. श्रीपाददादाच्या घराण्यात कुणीच लढलेलं नव्हतं, म्हणून तो सूत्रसंचालन करणार होता.

मी लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

“अगं, मस्त लिहिलंयस. फक्त ते पलटणीचं नाव काढ. नुसतं इंडियन आर्मी म्हण.”

“का?”

“कसं वाटतं ना ते, माइकवर जातीचं नाव. आपण ऑस्ट्रेलियात आहोत. इथे कशाला जात आणायची?”

“रणजितची मराठा पलटण काढलीस का?”

“ते वेगळं गं. ते नाव आहे.”

“मग आमचं काय आहे?”

तो हसला. “चिडू नकोस ना. मला काय म्हणायचंय ते तुला कळतंय.”

कळत होतं. चांगलं कळत होतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे सुंभ विमानात बसून आला, पीआर म्हणजे कायमचा रहिवासी झाला, चार बेडरूमचं घर बांधलं, दर शनिवारी बार्बेक्यू करतो, आणि पीळ जागच्या जागी. मंडळाच्या गणपतीत माझ्या हातच्या पुरणपोळ्या चालतात. पण त्याआधी मृदुलाताईंनी मला विचारलेलं असतं, “तुझं आडनाव कुठलं गं, नक्की कुठलं?”

मी “बघते” म्हटलं आणि फोन ठेवला. मग आठवडाभर डोकं भणभणत राहिलं. शिफ्टला, ट्रेनमध्ये, भाजी चिरताना. नाही म्हणावं तर ते मला कार्यक्रमातूनच काढतील आणि आईचं राहून जाईल. हो म्हणावं तर तिने ऐकायचं काय? इंडियन आर्मी? ती तर कुणाचीही.

त्या सकाळी पांढरा कुडता घातला. उजवीकडे तारा लावला. आरशात बघितलं आणि आज्यासारखीच दिसले मी, तेच नाक, तोच हट्टी जबडा. मास्क लावला आणि निघाले.

चौक सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. खाली हिरवळ, बाटलीसारख्या फुगीर खोडाची झाडं. वर रुंद पायऱ्या चढून गेलं की गोलाकार उभे दगडी खांब, आणि मधे सतत जळणारी ज्योत. सगळा दगड मधाच्या रंगाचा. हेरिटेज लिस्टेड, तसा बोर्डच आहे. ऑफिसला जाणारी माणसं तिथे बाकावर बसून कॉफी पितात, पण ज्योतीपाशी आली की आपोआप हळू बोलतात.

मी वर पोचले तर मृदुलाताई दुरूनच म्हणाल्या, “अगं, तू एज्ड केअरमध्ये ना? जरा लांब उभी राहा हं. सेफ्टी.”

दीड मीटरचा नियम होता, मान्य. पण बाकी सगळे एकमेकांना खेटून फोटो काढत होते. दीड मीटर फक्त माझ्यापासून. उलट त्या सगळ्यांत दर आठवड्याला टेस्ट होणारी मी एकटी. गिळलं. म्हटलं, दोन मिनिटं बोलायचं आणि निघायचं.

रणजितने ट्रायपॉडवर फोन लावला, झूम सुरू केलं, छोटा स्पीकर जोडला. स्क्रीनवर चौकोनात आई दिसली. ठेवणीतली पांढरी साडी, मागे भिंतीवर निळ्या सुटातला फोटो. मी हात हलवला. तिने बघितलं नाही, ती चष्मा पुसत होती.

तेवढ्यात मृदुलाताईंनी पिशवीतून तबक काढलं. हळद, कुंकू, अक्षता, फुलं. श्रीपाददादाने कुंकू पाण्यात कालवलं आणि सरळ ज्योतीखालच्या दगडाला पाच बोटं ओढली. ठसठशीत. “शूरांना कुंकू लावणं ही आपली परंपरा,” असं कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला. कुणाला विचारलं नाही, काही नाही. अख्ख्या जगात जिथे दगड दिसेल तिथे ह्यांना तो आपल्याच देव्हाऱ्यातला वाटतो. पाणी जास्त झालेलं. ओघळ खाली पायरीपर्यंत आला. मग त्यावर अक्षता चिकटवल्या. टाळ्या.

खालून चमकत्या पट्ट्यांचं हाय-व्हिज जॅकेट घातलेला एक माणूस दोन-दोन पायऱ्या चढत आला. कौन्सिलचा, तिथली देखभाल बघणारा. वयस्क. आवाज चढवला नाही त्याने. हे कुणी केलं, विचारलं. म्हणाला, हा सँडस्टोन आहे, रंग आत शोषतो, हेरिटेज दगड आहे, हाराव्यतिरिक्त काहीही ठेवायची परवानगी नाही.

“सॉरी मेट, नो वरीज,” श्रीपाददादा लगेच म्हणाला, “वी विल क्लीन इट राइट अवे.” वी. आणि दोन पावलं मागे सरकला. करून सवरून नामानिराळा.

मग ते पाकीट आलं. तुला सवय आहे ना.

मी वाकले. होय, वाकले. डोकं ‘नको’ म्हणत होतं, पण हात गेला. एक गुडघा त्या दगडावर टेकला, वाइप काढला, पहिला हात फिरवला आणि लाल रंग आणखी पसरला. मागून कुणीतरी म्हणालं, “जरा जोर लाव.” माझ्या छातीवरचा आज्याचा तारा लोंबत होता, दगडाला लागून टिकटिक वाजत होता. मला इतका राग आला होता की समोरचं दिसेना. आणि तरी हात चालतच होता, त्याचाच जास्त राग येत होता.

तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला. खणखणीत. आईला झूमवर म्यूट करणं कधी जमलं नाही.

“ए बाई! सलाम करायला गेलीस का फरशी पुसायला? ऊठ!”

रणजित फोनकडे धावला. “काकू, प्लीज म्यूट करा स्वतःला.”

“कोण काकू? तू कोण रे? माझ्या पोरीला उठव आधी!”

मी उठले. गुडघा झटकला. कौन्सिलवाला माझ्याकडे बघत होता. “घासू नकोस, लव्ह,” तो म्हणाला, “घासलंस तर आणखी आत जाईल. आमच्या लोकांना बोलवावं लागेल. तू लावलंस का हे?”

“नाही. मी नाही,” मी म्हटलं. इंग्रजीत, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “ह्याने लावलं. ह्याची बोटं बघा.”

त्याने बघितलं. श्रीपाददादाने हात पाठीमागे घेतला. एवढा मोठा माणूस, कसल्याशा कंपनीत डायरेक्टर, शाळेतल्या पोरासारखा हात पाठीमागे. कौन्सिलवाल्याने वही काढली आणि त्याचं नाव विचारलं. मी पाकीट नेऊन मृदुलाताईंच्या तबकात ठेवलं, अक्षतांवर.

मग मराठीत सुरू झालं. दात आवळून, चेहऱ्यावर हसू ठेवून.

“शोभतं का हे?” श्रीपाददादा म्हणाला. “गोऱ्यांसमोर आपल्याच माणसाला खाली दाखवतेस?”

“आपल्याच? मघाशी पाकीट दिलंत तेव्हा मी कुणाची होते?”

“एवढं काय झालं गं?” मृदुलाताई. “साधं पुसायला सांगितलं. तुम्हा लोकांना ना, प्रत्येक गोष्टीत जात काढायची खोडच आहे.”

“जातीचं नाव मी काढलंच नाही, ताई. आत्ता तुम्ही काढलंत.”

मला थांबता येईना. म्हटलं, “मी रोज म्हाताऱ्यांचं ढुंगण पुसते. पगार घेते, त्यांची लाज सांभाळते, त्यांच्या पाठीला पावडर लावते. त्या कामाची मला लाज नाही. पण तुमच्या नवऱ्याने केलेली घाण मी पुसणार नाही. आज नाही, कधीच नाही. माझ्या आजीने गावाची पुसली, तिथे ते खातं बंद झालं.”

डेंटिस्ट मोबाइलमध्ये शिरला. एवढी शिकलेली माणसं, सगळ्यांना अचानक स्वतःचे बूट बघावेसे वाटले. मला वाटलं होतं एखादा तरी पुढे येईल, निदान एखादी बाई. कशाला येतील? ह्यांना ऑफिसात कुणी नाव चुकीचं उच्चारलं तर एचआरकडे जातात, रेसिझम म्हणून. तिथे बरोबर कळतं अपमान काय असतो.

कार्यक्रम तरी चालू राहिला. चालवावा लागला, झूमवर लोक होते ना. रणजित बोलला. पणजोबा, मराठा पलटण, खंदकातली थंडी. टाळ्या. मग श्रीपाददादाने माझ्याकडे न बघता माझं नाव घेतलं. बहुतेक त्याला वाटलं, आता ही गपगुमान दोन ओळी बोलेल.

मी ज्योतीसमोर गेले. टाचा जुळवल्या. मास्क खाली केला. हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला, आणि सलाम ठोकला.

“शिपाई रखमाजी,” मी म्हटलं. “माझ्या आईचे वडील. महार पलटण. महार. ब्रह्मदेशात लढले. परत आले तेव्हा गावाने त्यांना बूट काढायला लावले. आज मी त्यांचं नाव इथे, बूट घालून घेतेय. शिपाई रखमाजी, महार पलटण.”

तेच इंग्रजीतही म्हटलं. खाली हिरवळीवर कॉफी पिणारे दोघे-तिघे मान वर करून बघू लागले. आमच्यातल्या कुणी टाळी वाजवली नाही. मला नकोच होती. मला फक्त ट्रायपॉडवरच्या त्या फोनमध्ये बसलेल्या म्हातारीचं काय झालं ते बघायचं होतं, पण स्क्रीन रणजितकडे वळलेली होती. तारा सरळ केला, कुणाला बाय म्हटलं नाही आणि पायऱ्या उतरले. पाय हलके झाले होते. म्हटलं, झालं, आईचं काम झालं.

रस्ता ओलांडून स्टेशनात गेले. प्लॅटफॉर्मवर उभं राहून आईला व्हिडिओ कॉल लावला.

“ऐकलंस ना?”

तिने फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाली, “तोंड हलताना दिसलं गं. सलाम दिसला. आवाज नाही आला.”

“म्हणजे?”

“तो मराठ्याचा पोरगा बोलला ते सगळं आलं. तू उभी राहिलीस, तोंड उघडलंस, आन् पहिल्या दोन शब्दांनंतर बंद. माझ्या बापाचं नाव आलं. पलटण नाही आली.”

मी रणजितला मेसेज केला. उत्तर लगेच आलं. श्रीपाददादाने खूण केली म्हणून म्यूट केलं, सॉरी, पर्सनली घेऊ नकोस, नंतर कॉफीला भेटू.

पर्सनली घेऊ नकोस. माझ्या आज्याचं नाव, माझ्या आईचा कान, माझा आवाज. मग पर्सनल काय असतं रे? तुझ्या पणजोबाचं तू पूर्ण ऐकवलंस. पुढच्याला बोट दाबून गप्प केलंस. एका बोटाचं काम. पूर्वी ह्याला वेस लागायची, गावकरी लागायचे, काठी लागायची.

“जाऊ दे,” आई म्हणाली. थकली होती. खोकली. “तू घेतलंस ना नाव. माझ्यापर्यंत आलं काय, नाही आलं काय.”

तिच्या तोंडचं ते ‘जाऊ दे’ मला श्रीपाददादाच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. सत्तर वर्षं ही बाई ‘जाऊ दे’ म्हणत आलीय. एकदाच म्हणाली नव्हती, एकदाच मागितलं होतं. आणि चार मंडळवाल्यांनी तिला पुन्हा तिथेच आणून बसवलं.

“जाऊ द्यायचं नाही,” मी म्हटलं. “आई, फोन ठेवू नकोस.”

ट्रेन आली. दारं उघडली, मिटली, गेली. मी उलटी फिरले. जिना चढून वर आले, रस्ता ओलांडला. ती मंडळी वरती अजून फोटोच काढत होती. काढू देत. चौक कौन्सिलचा आहे, मेलेल्यांचा आहे, कुणा मंडळाच्या बापाचा नाही. तिथे उभं राहायला मला ह्यांचा माइक नको, ह्यांचं झूम नको, ह्यांची परवानगी तर नकोच नको. म्यूटचं बटण आता माझ्या हातात आहे आणि मी ते दाबणार नाही. आज पुन्हा घेणार, पुढच्या वर्षी पुन्हा घेणार, आई असली तरी घेणार आणि नसली तरी घेणार. पूर्ण नाव. पलटणीसकट. मधे जो उभा राहील त्याने बाजूला व्हायचं.

“आई,” मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, “आवाज वाढव.”